रिपीटच्या वर्षात भरवसा कुणावर

प्रेज द लॉर्ड बाळा,

तुझा रात्री पावणेदोनला टाकलेला मेसेज सकाळी बघितला. लातूरला मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेसाठी वर्ष रिपीट करायलास, पहाटे चारला उठून प्रार्थना, बुधवारी उपास, तरी टेस्टचे मार्क घसरायलेत, आणि शेवटी लिहिलंस की माझाच विश्वास कमी पडायलाय, आता अजून वाढवतो. हे वाचून मला तुझ्या मार्कांपेक्षा तुझीच जास्त काळजी वाटली.

अरे, अभ्यासाला टार्गेट लावलंस तसं प्रार्थनेलाही लावलंस. इतके तास गुडघ्यावर बसलो की इतके मार्क, इतके उपास की प्रभू खूश. मग प्रभूच्या हातात तू दिलंस काय? सगळं ओझं तुझ्याच डोक्यावर, वरून त्याचं नाव. मंडळीत आपण म्हणतो की जगातली माणसं स्वतःच्या जोरावर जगतात, पण रोज बायबल वाचणाराही तसा जगू शकतो आणि त्याचं त्याला कळतही नाही.

बायबलातलं शास्ते 7 वाच. इस्राएलाचा पुढारी गिदोन, त्याच्याकडं 32,000 माणसं, समोर शत्रू मिद्यानी टोळासारखे पसरलेले, आणि देव म्हणतो तुझी माणसं जास्त झाली! भिणारे 22,000 घरी गेले, मग पाण्यापाशी पारख झाली आणि उरले 300. कामून? नाहीतर इस्राएल म्हणाला असता, आमच्याच हातानं आम्ही वाचलो. पौलाचंही बघ, त्याच्या 2 करिंथ या पत्राच्या पहिल्याच अध्यायात, एवढा मोठा प्रेषित पण आशिया प्रांतात जगायचीच आशा सुटली होती, आणि तो ते लपवत नाही, सरळ लिहितो की हे झालं ते आम्ही स्वतःवर नाही तर मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भरवसा ठेवावा म्हणून.

म्हणून अभ्यास सोड असं नाही हं. ते 300 काही झोपून राहिले नाहीत, मडक्यात मशाली लपवून रात्रीच निघाले.

देवावर भरवसा ठेवणारा माणूस पाण्याकाठच्या झाडासारखा, हे यिर्मया 17 मधलं वचन तुला पाठ असेल. पण एक बघ, ऊन त्या झाडालाही लागतं, अवर्षण त्याच्याही वर्षात येतं. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या गावात राहून हे वचन वाचायलास तू, तर अवर्षण म्हणजे काय ते तुला सांगायला नको. देवानं दुष्काळ येणार नाही असं म्हटलेलंच नाही, झाड घाबरणार नाही म्हटलंय. म्हणून प्रभू तुला एमबीबीएसची सीट देईलच असं मी लिहिणार नाही, कुणी स्टेजवरून छातीठोक सांगितलं तरी तू त्यावर जाऊ नको. सीट मिळो न मिळो, तो तुला सोडणार नाही, एवढं मात्र मी पूर्ण खात्रीनं सांगतो.

आता आजपासून काय करायचं? स्तोत्र 127 काढ, पहाटे उठून रात्री उशिरापर्यंत राबणं व्यर्थ, तो आपल्या माणसांना झोप देतो असं तिथं लिहिलंय. तर अकराला पुस्तक मिट, प्रार्थना दोन वाक्यांची झाली तरी चालंल, आणि झोप. रविवारी टेस्ट नसंल तर उपासनेला जा. भिंतीवर चिकटवलेले ते मार्कांचे कागद काढ बरं आधी. आणि पप्पांना खरे मार्क सांग, त्यांच्यापासून लपवणं हेसुद्धा स्वतःलाच सगळं सांभाळायचंय असं धरून चालणंच आहे. एकट्याला जमत नसंल तर आधी मला फोन कर, मग दोघं मिळून त्यांना लावू.