ऊर्जा कंपन्यांच्या 'हरित' जाहिराती खऱ्या की खोट्या, हे कसं ओळखायचं?

जाहिरात सोडा, भांडवली खर्च बघा. तेल-वायूच्या नव्या विहिरींवर किती पैसा गेला आणि पवन-सौरवर किती, हे वार्षिक अहवालात सापडतं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाने 2022 मध्ये तेल-वायू उद्योगाच्या भांडवली खर्चातला जेमतेम 2.5 टक्के वाटा स्वच्छ ऊर्जेला मिळाला. जाहिरातींत मात्र पवनचक्क्याच पवनचक्क्या.

मी एका ऊर्जा कंपनीत सस्टेनेबिलिटी रिपोर्टचं, म्हणजे पर्यावरणविषयक कामगिरीच्या वार्षिक अहवालाचं, काम करायचो. एका वर्षी विकलेल्या ऊर्जेच्या दर युनिटमागचं कार्बन उत्सर्जन किंचित घटलं, पण विक्री वाढल्याने एकूण उत्सर्जन चढलं. मी दोन्ही आलेख शेजारी-शेजारी लावले. साहेबांनी दुसरा काढायला लावला; त्याचे आकडे शेवटच्या परिशिष्टात, बारीक अक्षरातल्या तक्त्यात गेले. पहिल्याचा उभा अक्षही शून्याऐवजी मधूनच सुरू करायला सांगितला. एवढीशी घट एकदम कडा कोसळल्यासारखी दिसायला लागली. मी हरकत घेतली तर म्हणाले, "यातला एक तरी आकडा खोटा आहे का? दाखव." आकडा खोटा नव्हताच. पण वातावरणात एकूण टन साठतात, दर युनिटची सरासरी नाही. हे मी तेव्हाही तोंडावर सांगितलं होतं. अहवाल त्यांच्याच पद्धतीने छापला गेला.

त्यांचं दुसरं पालुपद असायचं, "आधी उद्दिष्ट जाहीर करू, काम आपोआप मागून येतं." कुठे येतं? बीपी या ब्रिटिश तेल कंपनीने 2020 मध्ये सांगितलं की 2030 पर्यंत तेल-वायूचं उत्पादन 40 टक्क्यांनी घटवू. 2023 मध्ये त्याचे 25 टक्के केले. 2025 मध्ये तेही सोडून तेल-वायूतली गुंतवणूकच वाढवली.

'आमचं कामकाज नेट झिरो' (म्हणजे निव्वळ उत्सर्जन शून्य) असं वाचलंत तर स्कोप 3 ची, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या कामकाजाबाहेर, पुरवठादार-गिऱ्हाइकांकडे होणाऱ्या उत्सर्जनाची, ओळ शोधा. तेल कंपनीचं बहुतेक उत्सर्जन विकलेलं इंधन गिऱ्हाइकाने जाळल्यावर होतं, आणि 'कामकाज' म्हटलं की तेच हिशेबाबाहेर राहतं.

सगळ्याच कंपन्या अशा नाहीत, हेही मान्य. डेन्मार्कच्या डाँग एनर्जीने 2017 मध्ये तेल-वायूचा उत्पादन व्यवसाय विकला आणि त्यानंतर ऑर्स्टेड हे नाव घेतलं. तिथे व्यवहार आधी झाला, पाटी नंतर बदलली.

बाकीच्यांचा अहवाल मागच्या पानांपासून वाचायला घ्या. एकूण उत्सर्जन तिथे दडवलेलं असेल तर ती फसवणूकच, मग प्रत्येक आकडा खरा का असेना.