सोसायटीच्या एसटीपीत (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेत) गाळ नीट बसत नाही, बाहेरचं पाणी गढूळ येतं. ऑपरेटरने आधी काय तपासावं?

एक लिटरचं, मिलीच्या खुणा असलेलं उभं मोजपात्र घ्या. ब्लोअर (हवा सोडणारं यंत्र) चालू असताना एअरेशन टाकीतलं, म्हणजे सांडपाण्यात हवा सोडतात त्या टाकीतलं, पाणी त्यात भरा आणि ३० मिनिटं अजिबात हलवू नका. गाळ २५०-३०० मिलीपर्यंत खाली बसला आणि वरचं पाणी नितळ दिसलं, तर गाळ ठीक आहे; मग सेटलिंग टाकी (जिथे गाळ खाली बसतो ती) किंवा गाळ परत आणणारा पंप बघा.

गाळ ७००-८०० वरच अडकला, तर घाईने औषधं टाकू नका. निम्मा नमुना आणि निम्मं नितळ प्रक्रिया केलेलं पाणी घेऊन चाचणी पुन्हा करा. आता झपाट्याने बसला, तर टाकीत गाळ जास्त झालाय. रोज थोडा थोडा काढा. एकदम काढला तर सांडपाणी शुद्ध करणारे जिवाणूच निघून जातात. तरीही बसत नसेल, तर बहुधा तंतूसारखे जिवाणू वाढलेत. त्यामागे अनेकदा हवा कमी पडणं किंवा स्वयंपाकघरातलं तेल असतं. विरघळलेला ऑक्सिजन लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास ठेवा, डिफ्यूझर (टाकीत हवेचे बुडबुडे सोडणारे भाग) तुंबलेत का बघा, तेलसापळा साफ करा.

बसलेला गाळ तासाभराने बुडबुड्यांसकट वर आला, तर तो सेटलिंग टाकीत फार वेळ पडून राहतोय. परतीचा पंप वाढवा.

रंग चॉकलेटी, वास ओल्या मातीचा हवा. काळा रंग, सडक्या अंड्याचा वास म्हणजे हवा अपुरी. आणि कलेक्शन टाकीत (जिथे सांडपाणी आधी जमा होतं) कुणालाही उतरवू नका. सडक्या अंड्याच्या वासाचा तो विषारी वायू (हायड्रोजन सल्फाइड) वाढला की नाकाला वास येणंच थांबतं.