पडलेल्या लोंब्या कोण उचलतं?

"मॅडम, घरी शिकवतोय खरं, पण पोरं मागं पडणार नाहीत ना?"

मुलांना घरी शिकवणाऱ्या कुटुंबांना मी सल्ला देते, आणि गेली काही वर्षं हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतोय. बेळगाव कॅम्पातून येतो, खानापुरातून येतो, निपाणीहून एसटीनं आलेल्या आईकडूनही येतो. ही सगळी ख्रिस्ती कुटुंबं. देवाच्या वचनात मुलं वाढावीत म्हणून त्यांनी शाळेऐवजी घर निवडलेलं असतं. निर्णय प्रार्थनापूर्वक घेतलेला असतो, तरी आईला रात्री झोप नसते. प्रत्येकीला वेगळं समजावण्यापेक्षा एका घराची हकीकत लिहिते. त्यांच्या परवानगीनं लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

त्या ताई वडगावच्या पलीकडे, शेतं सुरू होतात तिथं राहतात. बी.एड. झालेल्या, काही वर्षं शिक्षिका होत्या. नवरा उद्यमबागेत फाउंड्रीत. मुलं तीन: थोरला अकराचा, मधली नऊची, धाकटा सहाचा. सप्टेंबर संपत आला होता. थोरल्याचं रोज सकाळी पोट दुखायचं. डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हणून सांगितलं, तेव्हा त्या माझ्याकडे आल्या.

आल्या आल्या त्यांनी फाईल उघडून वेळापत्रक दाखवलं. साडेआठला घंटा, तीही खरोखरची पितळेची. दीड वाजेपर्यंत शाळेसारखे सात पिरियड, आणि प्रत्येक कागदाच्या डोक्यावर एक वचन. अभ्यासक्रम अमेरिकेतल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी तयार केलेला, 'युनिट स्टडी' पद्धतीचा. म्हणजे एक विषय धरायचा आणि त्याच्याभोवती विज्ञान, गणित, भाषा, इतिहास, पवित्र शास्त्र (बायबल) असं सगळं गुंफत हातानं करत शिकायचं. पद्धत मला मनापासून आवडते. पण त्या महिन्याचं युनिट होतं पानगळीचं. मेपलची पानं गोळा करा, रंगांनुसार लावा, ठसे घ्या. बेळगावात मेपल कुठून आणणार? ताईंनी रात्री जागून पुठ्ठ्याची चाळीस पानं कापली होती आणि लाल-पिवळी रंगवली होती. त्यातलं एक फाईलला चिकटलेलं होतं, कडेला रंग वाळून तडकलेला.

मी विचारलं, "तुमच्या खिडकीतून काय दिसतं?"

"शेतं. भात आहे सगळं."

"पीक कुठवर आलंय?"

त्या थांबल्या. "बघितलं नाही ओ, मॅडम."

आणि रडायला लागल्या. मी बराच वेळ काही बोलले नाही. त्या रडण्यात आळस किंवा निष्काळजीपणाचा लवलेश नव्हता. चार माणसांचं काम एकटीनं करणाऱ्या बाईचा तो थकवा होता. शाळा सोडली होती, पण शाळेची भीती त्यांनी घंटेसकट घरी आणली होती.

मी एकच काम दिलं. आठवडाभर घंटा ट्रंकेत ठेवायची. सकाळी गणित आणि वाचन मिळून तासभर, बाकी सगळं बंद. मुलं स्वतःहून जे प्रश्न विचारतील ते फक्त वहीत उतरवायचे, उत्तरं द्यायची नाहीत.

"उत्तरं द्यायची नाहीत?" शिक्षिकाच त्या, त्यांना हे सगळ्यात जड गेलं.

पुढच्या भेटीला त्या वही घेऊन आल्या. सुरुवातीचे दोन दिवस पान कोरं. तिसऱ्या दिवशी धाकट्यानं विचारलं होतं, बेडकाला पावसात सर्दी होते काय? मग प्रश्न वाढत गेले. शनिवारी सगळे आज्जाच्या शेतावर गेले होते, येळ्ळूरच्या बाजूला वीस गुंठे बासमती आहे त्यांची. तिथं थोरल्यानं विचारलं, "कापताना खाली पडलेल्या लोंब्या कोण उचलतं?"

मी बोट ठेवलं. "हे तुमचं युनिट."

भाताचं युनिट सहा आठवडे चाललं. लोंबी कशी बाहेर पडते ते रोज जाऊन बघितलं. मधलीनं एका लोंबीतले दाणे मोजले, मग दहा लोंब्यांचे, आणि सरासरी म्हणजे काय हे तिला वेगळं शिकवावं लागलं नाही. थोरल्यानं दोरीनं गुंठा मोजला: तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट, आणि असे चाळीस झाले की एकर. धाकटा उखळात कांडून तूस, कोंडा, तांदूळ वेगळे करत बसायचा. कन्नडचीही एक काळजी होती, ती परस्पर मिटली. ताईंना वाटायचं, या जिल्ह्यात राहायचं तर मुलांना कन्नड आलं पाहिजे आणि आपल्याला शिकवता येत नाही. बाजारात भाजीवाल्या अक्कांनी मधलीला सांगितलं, शेतात असतं ते भत्त, पोत्यात येते ती अक्की, ताटात पडतं ते अन्न. मुलगी घरी येऊन म्हणाली, "आपण शेतातल्यालाही भात म्हणतो नि ताटातल्यालाही भातच!" दोन भाषांचं व्याकरण शिकवायला याहून चांगली सुरुवात मला सुचली नसती.

सुगीत जे झालं ते मात्र मी अजून विसरलेले नाही.

पवित्र शास्त्रात लेवीय १९ मध्ये आज्ञा आहे की शेताच्या कडा पूर्ण कापू नका, सरवा, म्हणजे कापताना पडलेल्या लोंब्या, वेचू नका, तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या. रूथ मवाबातून आलेली परकी विधवा, ती बवाज नावाच्या शेतमालकाच्या रानात असाच सरवा वेचते. थोरल्यानं ठरवलं, आपणही एक दिवस वेचायचा. कापणी झालेल्या रानात शेजारची एक म्हातारी वेचत होती, तिच्या मागोमाग हाही सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाकून वेचत राहिला. घरी येऊन झोडपलं, पाखडलं आणि काट्यावर ठेवलं. दीड किलोलाही थोडं कमी.

मग त्यानं रूथचं माप काढलं. शास्त्रात लिहिलंय की तिला सुमारे एफाभर सातू मिळाले. एफा म्हणजे अंदाजे २२ लिटर, सातूचे तेरा-चौदा किलो होतात. तो वहीत बघत बसला. मोठ्या माणसाला जास्त मिळेल, दुप्पट धर. सराव असेल, तिप्पट धर. तरी हिशेब बसेना. जेवताना तो एकदम म्हणाला, "आई, एवढं कुणालाच सापडणार नाही. त्यानं मुद्दाम टाकायला सांगितलं असणार."

ताई उठल्या, पवित्र शास्त्र काढलं आणि रूथचा दुसरा अध्याय त्याच्यापुढे ठेवला. सोळाव्या वचनात बवाज आपल्या गड्यांना तेच सांगतो: पेंढ्यांतून तिच्यासाठी काही मुद्दाम काढून टाका, आणि तिला धमकावू नका.

"मॅडम," त्या मला म्हणाल्या, "हा अध्याय मी त्याच्याकडून दोनदा वाचून घेतला होता. त्याला हे दिसलं नव्हतं. मलाही नाही. त्याला ते दिसलं काट्यावर."

मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगते. माझा ओढा मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलर (१८७०–१९३७) यांच्या विचाराकडे आहे. मूल गप्प होतं, हट्टी होतं, सकाळी पोट धरून बसतं, तेव्हा बहुतेक वेळा ते खचलेलं असतं. या घरात आपला कुणाला उपयोग नाही असं त्याला वाटत असतं. पुठ्ठ्याच्या पानांना या मुलाची गरज नव्हती. सरव्याला होती. दुसऱ्या दिवशी तो आज्जाला जाऊन म्हणाला की पुढच्या साली बांधाकडची एक कड कापायची नाही, त्या म्हातारीसाठी ठेवायची. आज्जा "बघू" म्हणाले. पोटदुखी कधी थांबली हे ताईंना नेमकं सांगताही आलं नाही. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात मोजक्या दिवसांचा मला अभिमान आहे, त्यातला हा एक.

आता ज्या आयांना हाच घोर आहे त्यांच्यासाठी.

विषय आपल्या दारातला घ्या. खानापूरची माती आणि कुंभार आहेत, पवित्र शास्त्रात यिर्मयाच्या अठराव्या अध्यायात कुंभाराचं घर आहे. शहापूर-वडगावचे माग आहेत, प्रेषित पौल स्वतः तंबू शिवून पोट भरत होता. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, तिथून नदीचं आख्खं युनिट होतं. तिन्ही मुलांना विषय एकच द्या, काम वयाप्रमाणे. धाकट्यानं चिखल मळला तरी त्याचा अभ्यास झाला. गणिताला आणि वाचनाला मात्र रोजचा वेगळा वेळ ठेवाच. अपूर्णांक नुसत्या युनिटमधून क्रमानं येत नाहीत, आणि याबाबत मी कुणाचंही ऐकत नाही. संध्याकाळी मुलाला दिवसभरातलं त्याच्या शब्दांत सांगू द्या. इंग्लंडच्या शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन (१८४२–१९२३) यांची ही रीत शंभर वर्षांनंतरही परीक्षेपेक्षा जास्त सांगते. आणि प्रत्येक कागदावर वचन चिकटवू नका. सहा आठवड्यांत एकच घ्या, पण ते मुलाच्या हातून जाऊ द्या.

परीक्षेचं विचाराल तर एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. चौदा वर्षं पूर्ण झाली की तिथून दहावी देता येते, वर्षातून दोनदा सार्वजनिक परीक्षा होते, आणि पास झालेले विषय पाच वर्षं धरले जातात. कायद्याबाबत प्रामाणिकपणे सांगते: २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या दहाव्या कलमात मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण पालकांना दंड सांगितलेला नाही. घरी शिकवण्याला स्पष्ट मान्यताही तिथं नाही. हे समजून-उमजून निर्णय घ्या, मुलांच्या कामाच्या वह्या तारखांसह जपून ठेवा.

काही घरांना मी शाळेत परत जायला सांगितलंय. आई एकटी ओढतेय आणि वडील लक्ष घालत नाहीत, किंवा मूल स्वतः शाळा मागतंय, तर शाळाच बरी. त्यात विश्वास कमी पडला असं काही नाही. या घरात वडिलांनी रविवारची उपासना झाल्यावर दोन तास मुलांबरोबर काटा, फळ्या, दोरी घेऊन बसायचं कबूल केलं, म्हणून पुढचं जमलं.

घंटा अजून ट्रंकेतच आहे. पुढचं युनिट मातीचं, येत्या शनिवारी सगळे खानापूरला जाणार आहेत. मधलीनं फोनवर मला तिचा पहिला प्रश्न सांगून ठेवलाय: चाकावर बिघडलेलं मडकं कुंभार पुन्हा मळतो हे शास्त्रात आहे, पण भट्टीत भाजून फुटलेल्याचं तो काय करतो?