चौथा टेम्प्लेट जोडू नका, आहेत त्यातलाच एक निवडा

नमस्कार. तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि आठ वर्षांपूर्वीचा माझा प्रबंध डोळ्यांसमोर उभा राहिला. तुमचंही तेच: द्राक्षावरच्या भुरीच्या बुरशीचं सीवायपी५१ (बुरशीनाशकं ज्याला अडवतात ते प्रथिन), तीन टेम्प्लेट (नमुना म्हणून घेतलेल्या तशाच प्रथिनांच्या माहीत असलेल्या रचना), आत हीम (लोखंड धरणारा रेणू) आणि एक ट्रायाझोल (अॅझोल गटातलं बुरशीनाशक). मॉडेलरमधून (टेम्प्लेटवरून प्रथिनाची रचना बांधणारं सॉफ्टवेअर) मॉडेल बाहेर पडतंय, डोप स्कोअर (मॉडेलच्या दर्जाचा आकडा, कमी तितका बरा) चांगला, आणि गाईड म्हणतायत की लिगँड, म्हणजे आत बसवलेलं औषध, आय हेलिक्सला (प्रथिनाच्या हीमजवळच्या मळसूत्री भागाला) घासतोय. तुम्ही विचारलंय की चौथा टेम्प्लेट जोडला तर सुधारेल का. माझ्या मते नाही, उलट बिघडेल.

आधीच सांगते, मी आता संशोधनात नाही. सातपूरला एका कंपनीत कागदपत्रं तपासते. त्यामुळे खालचं सगळं एका प्रबंधाचा अनुभव आणि त्यानंतर दोन-तीन ज्युनियरना केलेली मदत, एवढ्याच जोरावर आहे. तुमच्या गाईडचं म्हणणं वेगळं असेल तर त्यांचं ऐका. डिग्री त्यांच्या सहीने मिळणार आहे, माझ्या नाही.

पीर फाईल (अलाइनमेंट ज्यात लिहायची ती), अलाइनमेंट (प्रथिनांच्या ओळी एकाखाली एक जुळवणं), हेट-अ‍ॅटम (हीम-लिगँडसारख्या रेणूंचे अणू) वाचण्याचा पर्याय चालू करणं हे तुम्हाला येतंच, नाहीतर मॉडेल बाहेरच पडलं नसतं. ते सोडून देते.

माझा विषय तुमच्यासारखाच होता. मामांची बाग पिंपळगाव बसवंतला. ऑक्टोबर छाटणी झाली की भुरीसाठी औषध मारायचं, आणि दर दोन-तीन वर्षांनी मामा म्हणायचे, "पहिल्यासारखं लागू होत नाही गं." त्यातून विषय निघाला. या बुरशीच्या सीवायपी५१ मध्ये १३६ व्या जागेवरच्या टायरोसिन या अमिनो आम्लाचं फिनाइलअ‍ॅलॅनिन होतं आणि ट्रायाझोल गटाची औषधं कमी चालतात, हे १९९७ मध्येच छापून आलेलं होतं. तेव्हा बुरशीचं नाव अनसिन्युला नेकेटर होतं, आता एरिसिफे नेकेटर म्हणतात. जुने पेपर शोधताना दोन्ही नावं टाका, नाहीतर अर्धे सापडणारच नाहीत. टायरोसिन आणि फिनाइलअ‍ॅलॅनिन यांच्यात फरक फक्त एका ओएचचा. म्हणजे माझा सगळा प्रश्न एका ओएचवर टांगलेला, आणि मॉडेलमध्ये त्या ओएचच्या शेजारचीच जागा मी खराब करून ठेवली.

ती कशी, ते नीट सांगते.

टेम्प्लेट तीन घेतले. क्षयाच्या जिवाणूचं सीवायपी५१, फ्लुकोनॅझोल बसलेलं, पीडीबी या रचनांच्या संग्रहातला क्रमांक १ईए१. अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटसचं सीवायपी५१बी, व्होरिकोनॅझोलसकट, ४यूवायएम. आणि यीस्टचं, इट्राकोनॅझोल बसलेलं. हीमसाठी तिन्हींच्या ओळीत टिंब दिलं (टिंब म्हणजे हा रेणू इथून उचल, डॅश म्हणजे इथे काही नाही). अ‍ॅझोलसाठी टिंब फक्त १ईए१ ला आणि बाकी दोघांना डॅश, कारण तिचं रेझोल्यूशन (रचना किती बारकाईने दिसते ते) बरं वाटलं आणि फ्लुकोनॅझोल छोटा, सुटसुटीत रेणू. मला तर वाटलं मी फार हुशारी केली: ज्याचं जे चांगलं ते घेतलं.

आता हे बघा. जिवाणूच्या त्या रचनेत आय हेलिक्स वाकलेला आहे आणि बीसी लूप (औषधाच्या जागेजवळचा सैल पट्टा) उघडा आहे. २००१ मध्ये ती रचना प्रसिद्ध झाली तेव्हा हेच तिचं ठळक वैशिष्ट्य म्हणून लिहिलं होतं. मी पेपरचा सारांश वाचला होता, पण "आपल्याला काय, आपल्याला प्रथिनाची नुसती घडी हवी" म्हणून पुढे गेले. बुरशीच्या रचनांमध्ये त्या भागाची ठेवण वेगळी. आणि १३६ चं टायरोसिन नेमकं त्याच बीसी लूपच्या पट्ट्यात. म्हणजे अ‍ॅझोल एका घरचा, त्याच्याभोवतीच्या भिंती दुसऱ्या घरच्या.

मॉडेलर हे सरासरी काढून करतो, असा बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. तसं नाही. अनेक टेम्प्लेट दिले की प्रत्येक अंतरासाठी तो सगळ्यांचे अंदाज एकत्र धरतो, आणि टेम्प्लेट एकमेकांशी भांडत असले तर त्या बंधनाला (मॉडेलरने पाळायच्या अंतराच्या अटीला) दोन शिखरं येतात, म्हणजे दोन वेगळी अंतरं चालतात. मग एका जागी हा जिंकतो, शेजारच्या जागी तो. लिगँडची गत आणखी वाईट. टिंबाने दिलेल्या रेणूचं रसायन मॉडेलरला कळत नाही. तो जसाच्या तसा उचलायचा आणि टेम्प्लेटमध्ये भोवतालच्या प्रथिनापासून जेवढा लांब होता तेवढा लांब ठेवायचा, इतकंच त्याला माहीत. प्रथिन दुसऱ्याच टेम्प्लेटकडे झुकलं तर लिगँड बिचारा मध्ये लटकतो.

माझ्या मॉडेलमध्ये तेच झालं होतं, आणि मला पत्ता नव्हता. डोप स्कोअर सुंदर. डोप फक्त प्रथिनाचे अणू मोजतो, लिगँड त्याच्या हिशेबातच नाही, हे मला नंतर कळलं. पाचांपैकी सगळ्यात कमी स्कोअरचं मॉडेल उचललं, त्यावर टायरोसिनचं फिनाइलअ‍ॅलॅनिन केलं, डॉकिंग (रेणू प्रथिनात कसा बसेल ते संगणकावर बघणं) केलं, छोटं सिम्युलेशन चालवलं, आलेख काढले, बाइंडिंग कॉपी करून आणली.

व्हायव्हाला बाहेरून आलेल्या सरांनी आलेख बघितलेच नाहीत. लॅपटॉपवर मॉडेल उघडायला लावलं आणि म्हणाले, "लोखंडापासून ट्रायाझोलचा नायट्रोजन किती लांब आहे, मोजून दाखवा." मी दोन अणूंवर क्लिक केलं. पिवळी तुटक रेघ आली आणि तिच्यावर ३.९. सर काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली. अ‍ॅझोल औषध चालतं ते मुळात त्याचा नायट्रोजन हीमच्या लोखंडाला थेट धरतो म्हणून. ते अंतर साधारण २.१ अँगस्ट्रॉमच्या आसपास असतं. ३.९ म्हणजे बंध नाहीच. सगळा प्रबंध एका न बसलेल्या औषधाबद्दल होता. पास केलं, पण शेवटची दोन प्रकरणं पुन्हा लिहायला लावली.

तर तुमच्यासाठी माझं मत, पटलं तर घ्या: लिगँड, हीम, बीसी लूप आणि आय हेलिक्स, चारही गोष्टी एकाच टेम्प्लेटकडून. भुरीची बुरशी आणि अ‍ॅस्परजिलस, दोन्ही तंतुमय अ‍ॅस्कोमायसीट, त्यामुळे मी आज ४यूवायएम मुख्य धरीन. जिवाणूची रचना तर घेणारच नाही. तिचं आपल्या प्रथिनाशी साम्य तीस टक्क्यांच्या आसपास नाहीतर त्याखाली, आणि एवढ्या कमी साम्यावर अलाइनमेंटच हलते, मग लिगँडची काय कथा. दुसरा टेम्प्लेट हवाच असेल तर मुख्य टेम्प्लेटमध्ये जिथे तुकडा गायब आहे तेवढ्यापुरताच.

"तेवढ्यापुरता" कसा, यात सगळे अडकतात. दुसऱ्या टेम्प्लेटच्या ओळीतून नको असलेली अक्षरं पुसून टाकली की मॉडेलर ओरडतो, अलाइनमेंट आणि पीडीबी फाईल जुळत नाही म्हणून. पुसायची नाहीत, सरकवायची. तो तुकडा अशा रकान्यांत न्या जिथे तुमच्या प्रथिनाच्या ओळीत डॅश आहेत, आणि तुमच्या प्रथिनाच्या त्या भागासमोर दुसऱ्या टेम्प्लेटला डॅश द्या. दिसायला ओळ विचित्र लांब होते, पण चालते. हे मला कुणी सांगितलं असतं तर तीन आठवडे वाचले असते.

आणखी एक. हीम आणि लिगँड पीडीबी फायलीत सगळ्या साखळ्या संपल्यावर शेवटी असतात. फायलीत ए आणि बी दोन साखळ्या असतील तर ए संपल्यावर मध्ये अख्खी बी येते आणि मग हीम. तुमची टिंबं चुकीच्या जागी मोजली जातात. आधी एकच साखळी आणि तिचं हीम-लिगँड एवढंच ठेवून फाईल कापून घ्या. पाणीही काढा. आणि टेम्प्लेट आधी एकमेकांवर बसवून घ्या, नाहीतर सुरुवातीचे को-ऑर्डिनेट भलतेच येतात.

लोखंड आणि नायट्रोजनमध्ये वेगळं बंधन घालता येतं, तुम्ही विचारलंय. हो, येतं, आणि लोखंडाला दुसऱ्या बाजूने धरणाऱ्या सिस्टीनच्या गंधकालाही घाला, साधारण २.३ अँगस्ट्रॉम. पण शेवटचा उपाय म्हणून नको, सुरुवातीपासून घाला, आणि मुख्य टेम्प्लेट बरोबर असेल तरच. मी व्हायव्हानंतर चुकीच्या मॉडेललाच बंधन घालून बघितलं. अंतर २.१ आलं, पण फ्लुकोनॅझोलची दुसरी ट्रायाझोल रिंग सरळ आय हेलिक्सच्या मुख्य साखळीत घुसली.

तुम्हाला टेबुकोनॅझोल (शेतीतलं एक ट्रायाझोल) हवंय, ते टेम्प्लेटमध्ये नाही म्हणून गोंधळ. मॉडेल करताना टेम्प्लेटमध्ये जो आहे तोच ठेवा, मग तो काढून तुमचा रेणू डॉक करा. यीस्टच्या सीवायपी५१ मध्ये डायफेनोकोनॅझोलसारखी शेतीतली औषधं बसवलेल्या रचना २०१६ मध्येच आल्या आहेत, त्या शेजारी ठेवून तुलना करा. मी २०१७ ला काम करत होते आणि मला त्या दिसल्या नाहीत, कारण मी शोधताना फक्त माणसाच्या औषधांची नावं टाकत होते. हसू नका.

अल्फाफोल्ड ३ (रचनेचा अंदाज बांधणारी एआय प्रणाली) कुणीतरी खाली सुचवलंच आहे. मे २०२४ पासून ते लिगँडसकट रचना देतं, हे खरं. ऑनलाइन सर्व्हरवर हीम मिळतं, हवा तो अ‍ॅझोल मिळत नाही, आणि सर्व्हरच्या निकालावर डॉकिंग करायला मनाई असल्याचं मला आठवतंय, अटी वाचून घ्या. मॉडेलरच्या मॉडेलशी पडताळायला उत्तम. पण तिथेही लोखंड-नायट्रोजन अंतर स्वतः मोजा.

आता थोडं मनातलं. चुकीचा दोष माझाच, पण एवढी घाई का झाली तेही सांगते. मॉडेलर शैक्षणिक कामाला फुकट आहे, फक्त संस्थेच्या ईमेलवरून लायसन्स की मागवावी लागते. आमच्याकडे विद्यार्थ्यांना ईमेल नव्हते. ते ज्या कार्यालयाकडून मिळायचे तिथल्या साहेबांनी सांगितलं, सॉफ्टवेअर घ्यायचं तर तीन कोटेशन आणा. मी म्हटलं, सर, फुकट आहे. ते म्हणाले, मग तीन शून्याची कोटेशन आणा. मी खरंच कागदावर तीन ओळी लिहून नेल्या, आणि त्यांनी त्या आवक क्रमांक घालून ठेवूनही घेतल्या! लायसन्स की फेब्रुवारीत आली, प्रबंध एप्रिलमध्ये द्यायचा. ऑक्टोबरमध्ये आली असती तर कदाचित मीही एकदा दोन अणूंवर क्लिक करून बघितलं असतं. तुमचा ईमेल नसेल तर गाईडच्या ईमेलवरून मागवा, कार्यालयाच्या पायऱ्या चढू नका.

नवीन मॉडेल आलं की लोखंड-नायट्रोजन, लोखंड-गंधक आणि १३६ च्या टायरोसिनच्या ओएचपासून हीमपर्यंतचं अंतर, तिन्ही इथे टाका. पाचही मॉडेलची टाका, एकाची नको. स्क्रीनशॉटही चालेल. मी रविवारी सकाळी बघते, शनिवारी पिंपळगावला जायचंय.