पैशाने सुख विकत मिळतं का? पगार वाढूनही समाधान का वाटत नाही?

तुम्ही लिहिलंय की पगार ३० हजारांवरून ५५ हजारांवर गेला तरी मनाला काही फरक पडला नाही, आता बंगळूरला ८० हजारांची ऑफर आलीय, घरचे म्हणतात पैशाने सुख मिळत नसतं आणि मित्र म्हणतात की असं बोलणारे सगळे स्वतः पोटभर जेवून बोलतात. मी सांगली जिल्ह्यात एका पतसंस्थेत सोनेतारण कर्जाच्या काउंटरला असते, बरीच वर्षं झाली, त्यामुळे पैसा नसताना माणूस कसा दिसतो आणि आल्यावर कसा दिसतो हे रोज समोर बघते. माझ्या मते दोघंही अर्धं बरोबर बोलतायत. पैसा किती आहे यापेक्षा तो वेळेला हाताशी आहे का आणि डोक्यावर देणं किती आहे, यावर माणसाचं सुख जास्त ठरतं.

आमच्याकडे जून आला की काउंटरला गर्दी. शाळेच्या फिया, बी-बियाणं, खत, घरावरचे पत्रे, सगळं एकदमच येतं आणि उसाचं बिल, म्हणजे कारखान्याकडून येणारे उसाचे पैसे, तर लांब असतं. मग बायका रुमालात गुंडाळून बोरमाळ, गंठण, पाटल्या घेऊन येतात. सराफ कसोटीवर घासून बघतो, वजन करतो, पाकिटात घालून सील करतो, त्यावर सही होते आणि बाई पैसे मोजून जाते. त्या वेळी कोण फारसं बोलत नाही. पण तीच बाई बिल जमा झाल्यावर सोनं सोडवायला येते ना, तेव्हा बघावं. पाकीट तिच्यासमोर कापतो, परत वजन करून दाखवतो, ती एकेक मणी बोटाने चाचपते आणि बहुतेक जणी दागिना पिशवीत न ठेवता तिथंच गळ्यात घालतात, मग मागे रांग असली तरी दोन मिनिटं बोलत उभ्या राहतात, पोरगी कितवीला गेली, सून कधी बाळंत होणार, सगळं सांगतात. काही जणी सोडवू शकत नाहीत, नुसतं व्याज भरून नवंजुनं करून, म्हणजे तेच कर्ज पुढं चालू ठेवून जातात, त्यांच्या तोंडाकडे बघून मला कळतं की घरी अजून काहीतरी अडलेलं आहे.

आता हे मी नुसतं डोळ्यांनी बघितलेलं सांगतेय असं नाही, यावर फार चांगला अभ्यास झालाय आणि तो नेमका ऊस शेतकऱ्यांवरच झालाय. तमिळनाडूत विल्लुपुरम आणि तिरुवण्णामलै या भागातल्या ४६४ ऊस उत्पादकांना संशोधकांनी तोडणीच्या आधी आणि तोडणीनंतर अशा दोनदा बुद्धीच्या चाचण्या दिल्या, २०१३ साली तो ‘सायन्स’ नावाच्या नियतकालिकात आला. तोडणीच्या आधी त्यातल्या ७८ टक्के लोकांच्या वस्तू गहाण होत्या, नंतर फक्त ४ टक्के लोकांच्या. आणि तोच माणूस, तेच शिक्षण, तेच डोकं, पण पैसे हातात आल्यावर आकृत्यांच्या कोड्यांची बरोबर उत्तरं साधारण पाव हिश्शाने जास्त आली! ऊस सगळ्यांचा एकदम तुटत नाही, कारखान्याच्या प्रोग्रामप्रमाणे कुणाची तोड आधी येते कुणाची नंतर, त्यामुळे हा नुसता हंगामाचा किंवा हवामानाचा परिणाम नाही हेही त्यांना तपासता आलं. ज्याला उद्याचा हप्ता दिसतोय त्याचं निम्मं डोकं तिकडंच असतं हो, मग पोराचा अभ्यास घेताना चिडणं, बायकोशी नीट न बोलणं, चुकीच्या ठिकाणी सही करणं हे सगळं त्यातूनच येतं. अशा माणसाला ‘पैशाने सुख मिळत नाही’ म्हणून ऐकवणं मला खरंच क्रूर वाटतं.

आणि वेळेचा मुद्दा मी का धरून बसलेय तर आमच्या घरी तेच भोगलंय. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस गेल्यावर १४ दिवसांत बिल द्यायला पाहिजे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज. कागदावर असं आहे. वडिलांचा ऊस ज्या कारखान्याला जायचा तिथं एका हंगामात पहिली उचल, म्हणजे बिलाचा पहिला हप्ता, महिनोन्महिने लांबली, व्याजाचं तर नावच नाही. त्या वर्षी आमचं उत्पन्न हिशोबाने काही कमी नव्हतं, वहीत लिहिलं असतं तर चांगलं वर्ष म्हणाले असते, पण ट्रॅक्टरवाल्याचे, दुकानदाराचे, मामांचे हातउसने असे सगळ्यांचे निरोप यायचे आणि वडील संध्याकाळी पारावर जायचे बंद झाले. बिल पूर्ण जमा झालं त्या आठवड्यात ते परत पारावर जायला लागले, त्यांना कुणी समजवावं लागलं नाही.

आता तुमच्या मित्रांची बाजू. अमेरिकेत डॅनियल कानेमन आणि अँगस डीटन या दोघा नोबेलवाल्यांचा २०१० चा पेपर सगळे सांगतात, की वर्षाला ७५ हजार डॉलरच्या पुढं रोजचा आनंद वाढत नाही. पण पुढचा भाग कुणी सांगत नाही. २०२१ ला मॅथ्यू किलिंग्सवर्थने दाखवलं की त्याच्या पुढंही वाढतो, मग भांडत न बसता २०२३ ला कानेमन आणि किलिंग्सवर्थ यांनी बार्बरा मेलर्स यांना मध्ये घेऊन एकत्र बसून आकडे परत तपासले (मला तर हेच फार आवडलं, आपल्याकडे दोन भाऊ असे एकत्र बसून सातबारा बघत नाहीत). निघालं असं की बहुतेकांचा आनंद उत्पन्नाबरोबर वाढतच जातो, पण जे सगळ्यात जास्त दुःखी असतात त्या साधारण पाचव्या हिश्शाचा मात्र एक लाख डॉलरच्या आसपास थांबतो. म्हणजे गरिबीचं दुःख पैशाने जातं, पण जवळचं माणूस गेलेलं, मन मोडलेलं, डिप्रेशन, याला एका मर्यादेनंतर पैसा काही करू शकत नाही. हे आकडे तिकडचे आहेत, रुपयात गुणून आपल्याला लावू नका, दिशा तेवढी घ्या. आणखी एक, ही वाढ टक्क्यांत बघायची असते. १५ हजारांच्या पगारात १० हजार वाढले तर घर बदलतं, दीड लाखात १० हजार वाढले तर महिनाभरात विसरायला होतं.

ती मर्यादा मी पण बघते. वडील गेल्यावर मोठी एफडी निघते, नॉमिनी एकच असतो, आणि सख्खे भाऊ काउंटरच्या दोन टोकांना उभे राहून माझ्यामार्फत एकमेकांशी बोलतात. दोघांनाही पैशाची गरज नसते बरं का. तिथं कितीही शून्यं वाढवली तरी काय होणार.

उलट थोड्या पैशाने किती फरक पडतो तेही बघते. २०२४ पासून लाडकी बहीणचे महिन्याला दीड हजार यायला लागले तेव्हा आमच्या पिग्मीला कितीतरी बायकांनी स्वतःच्या नावाने खाती काढली, रोजचे वीस-तीस रुपये. एक आजी म्हणाल्या, “नातवाला खाऊ द्यायला आता पोराला विचारायला लागत नाही.” योजनेच्या राजकारणावर काय वाद घालायचा तो घाला, पण कुणापुढं हात न पसरता खर्च करता येणं याचं सुख दीड हजारातही येतं, आणि पगार नवऱ्याच्या हातात देऊन परत बसभाड्याचे मागणाऱ्या नोकरदार बाईला ते पन्नास हजारातही मिळत नाही.

म्हणून तुमच्याबद्दल. वाढलेले २५ हजार गेले कुठं हे तुम्ही लिहिलंच नाही आणि खरं उत्तर तिथंच आहे. गाडीचा हप्ता, मोठ्या फ्लॅटचं भाडं, क्रेडिट कार्डचं मिनिमम ड्यू भरत राहणं, असं झालं असेल तर तुमचा पगार वाढला पण मोकळा पैसा वाढलाच नाही, मग समाधान कुठून वाटणार. बंगळूरचे ८० हजारही तसेच जातील. आधी कार्ड पूर्ण मिटवा, मग नातेवाइकाचं हातउसनं असेल तर ते, कारण त्याचं व्याज नसलं तरी प्रत्येक लग्नात ते समोर उभं असतं. मग चार-पाच महिन्यांचा खर्च बँकेत बाजूला. मी पतसंस्थेत काम करून सांगतेय, हा पैसा बँकेतच ठेवा, बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेच्या ठेवीला ते संरक्षण नसतं. हे सगळं ५५ मध्ये जमत असेल आणि आई-वडील, मित्र, गाव तुमच्या जवळ असेल, तर नुसत्या आकड्यासाठी जाऊ नका. जमत नसेल, देणं मोठं असेल, तर खुशाल जा आणि कोण काय म्हणतं ते मनाला लावून घेऊ नका, फक्त ऑफिसच्या जवळ घर बघा, तिकडच्या ट्रॅफिकमध्ये रोजचे तीन तास गेले तर वाढलेल्या पगारातून ते परत विकत मिळत नाहीत.

आणि जायचं असो नसो, आई-वडिलांचा मेडिक्लेम याच महिन्यात काढा. आधीपासूनच्या शुगर-बीपीसारख्या आजारांना तीन वर्षांपर्यंत वेटिंग पिरियड असू शकतो, आणि तो पॉलिसी काढल्यापासूनच मोजायला लागतात. माझ्या काउंटरला सोनं घेऊन येणाऱ्यांत पेरणी आणि फी यांच्या खालोखाल दवाखानाच असतो.