आवडलीच पाहिजे!

“मॅडम, अंगठी चुकली तर?”

लग्न ठरलेली मुलंमुली माझ्याकडे समुपदेशनाला येतात तेव्हा हा प्रश्न या ना त्या रूपात येतोच. “तिला आवडली नाही आणि ती बोललीच नाही तर?” “त्याने आणलेली मला पसंत नाही, आता जन्मभर घालायची का?” “मैत्रिणीची बघितली आणि माझी एकदम लहान वाटायला लागली. मी इतकी हावरट आहे का हो?” बाहेरून बघणाऱ्याला हे प्रश्न फुटकळ वाटतील. मला ते तसे कधीच वाटले नाहीत. पैसा, आवड आणि अपेक्षा या तिन्हींबद्दल एकदम बोलायची वेळ दोघांवर बहुधा पहिल्यांदा येते ती या अंगठीपायी. बोलायचं टाळण्याची सुरुवातही इथूनच होते.

एका मुलाची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि सहा भेटींतलं बोलणं थोडक्यात आणलं आहे.

तो आला तेव्हा लग्नाला अडीच महिने होते. तिशीच्या आतला, हिशेबाला पक्का, बोलताना सारखा अंगठ्याने तर्जनी चोळणारा. “मला अरे-तुरेच करा,” म्हणाला आणि बसता बसता मोबाइल पुढे केला. पडद्यावर एक तक्ता होता. त्यात बेचाळीस अंगठ्या होत्या, आणि प्रत्येकीपुढे हिऱ्याचं वजन, रंग, स्वच्छता, पैलू, धातू, परत करण्याची मुदत असं सगळं लिहिलेलं.

“रोज रात्री दोन वाजेपर्यंत हेच बघतो. झोपताना एक पक्की करतो आणि सकाळी उठून रद्द करतो.”

“सकाळी तिच्यात काय कमी दिसतं?”

“कमी काही नसतं. पण हिच्याहून चांगली असेल तर?”

“तिला विचारलंस?”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी काहीतरी अमंगळ बोलले. “विचारल्यावर त्यात काय राहिलं? माझं खरंच प्रेम असेल तर मला न विचारता कळलंच पाहिजे. आणि तिला बघताक्षणी आवडलीच पाहिजे.”

मी ते शेवटचं वाक्य त्याच्यासमोर कागदावर लिहिलं आणि कागद बाजूला ठेवून दिला. अशा वाक्यांना लगेच हात घालू नये, हे मी अनुभवाने शिकले आहे. माणूस आधी थोडा मोकळा व्हावा लागतो.

दुसऱ्या भेटीत तो हिऱ्यांबद्दल बोलला आणि मी बोलू दिलं. त्याचा अभ्यास खरोखर चांगला होता. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, एक कॅरेटचा आकडा गाठला की भाव उडी मारतो, पण त्याच्या किंचित खालच्या वजनाचा हिरा बोटात घातल्यावर नुसत्या डोळ्यांना वेगळा ओळखू येत नाही, आणि चमक वजनापेक्षा पैलू कसे पाडलेत यावर जास्त अवलंबून असते, हे सगळं त्याने मला नीट समजावून सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, “दोन महिन्यांचा पगार घालावा म्हणतात. माझं तेवढं जमत नाहीये.”

“कोण म्हणतात?”

त्याला सांगता येईना. मी सांगितलं. ‘हिरा चिरंतन आहे’ अशा अर्थाची प्रसिद्ध इंग्रजी ओळ १९४७ साली डी बिअर्स या हिरे कंपनीसाठी एका जाहिरात संस्थेतल्या लेखिकेने लिहिली, आणि दोन महिन्यांच्या पगाराचं माप त्याच कंपनीच्या १९८०च्या दशकातल्या जाहिरातींनी लोकांच्या डोक्यात बसवलं. “म्हणजे ज्या मापाने तू स्वतःला रोज रात्री मोजतोयस, ते बहुतेक तुझ्या आईपेक्षाही धाकटं आहे.” तो बराच वेळ गप्प बसला. हलकं वाटलं, असं म्हणाला. पण पुढच्या आठवड्यात आला तेव्हा तक्त्यात आणखी चार अंगठ्या वाढल्या होत्या. माहितीने भीती जात नाही, थोडी सरकते इतकंच.

तिसऱ्या भेटीत मी मोबाइल बाजूला ठेवायला सांगितला. “आज अंगठीचं नको. तिचे हात कसे आहेत ते सांग.”

“हात?”

“ज्या हातात ही जायची आहे, तो.”

या माणसाने मला पैलूंबद्दल चाळीस मिनिटं ऐकवली होती. आता त्याला पहिलं वाक्य सुचेना. खिडकीकडे बघत राहिला. मीही काही बोलले नाही. अशा शांततेत मध्येच मदत करायचा मोह होतो, आणि तो आवरणं हे माझ्या कामातलं सगळ्यात कठीण काम आहे असं मला वाटतं.

मग हळूहळू तो बोलायला लागला. ती नर्स आहे. नखं अगदी बारीक कापलेली असतात. दिवसात पन्नास वेळा हात धुते, त्यामुळे बोटांची पेरं कोरडी पडतात आणि थंडीत चिरतात. भेटली की आधी पर्समधून मलम काढून लावते, मग उरलेलं त्याच्या हाताच्या मागच्या बाजूला पुसते. “जास्त आलं, घे,” म्हणते. हे सांगताना त्याचा अंगठा तर्जनीवरून सुटला होता. मग तो एकदम थांबला.

“मॅडम, ती दिवसभर ग्लोव्हज घालते-काढते.”

“हं.”

“माझ्या सेहेचाळीसच्या सेहेचाळीस अंगठ्यांचा खडा उंच आहे.”

सांगण्यासारखं माझ्याकडे आणखी काही नव्हतं. खडा धरणाऱ्या बारीक काट्यांना ग्लोव्ह अडकतो, फाटतो. अनेक रुग्णालयांत कामावर खड्याची अंगठी चालतच नाही, फार तर साधं वेढणं. हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्याने ते हात रोज पाहिले होते, मलमासकट. पण रात्री दोन वाजता तक्ता बघताना तो त्या हातांकडे बघत नव्हता, स्वतःच्या परीक्षेच्या निकालाकडे बघत होता.

आता मी तो कागद काढला. “तिला आवडलीच पाहिजे” मधल्या ‘च’भोवती पेन्सिलने गोल केला आणि म्हटलं, “हे एवढं अक्षर झाकून वाच.”

“तिला आवडली पाहिजे.” थोडं थांबून तो म्हणाला, “असंही चालेल की, तिला आवडावी.”

“नाही आवडली तर?”

“तर वाईट वाटेल. बदलून घेऊ.”

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात मांडलेल्या विचाराची मी विद्यार्थिनी आहे. माणसाला त्रास इच्छेचा होत नाही, इच्छेचा हट्ट झाला की होतो, हे त्यांचं म्हणणं मला माझ्या खोलीत रोज खरं होताना दिसतं. मराठीचे उपकार असे, की तो हट्ट आपल्याकडे एका अक्षरात मावतो आणि पेन्सिलने दाखवता येतो. ‘आवडावी’ म्हणणारा माणूस विचारायला जाऊ शकतो. ‘आवडलीच पाहिजे’ म्हणणारा जाऊ शकत नाही, कारण विचारलं की परीक्षेत कॉपी केल्यासारखं वाटतं.

त्याने विचारलं. आणि कळलं की तीही तितकीच घाबरलेली होती. तिला हिरा नकोच होता. पण तसं सांगितलं तर त्याला वाटेल की ऐपत नाही म्हणून मी सांभाळून घेतेय, म्हणून ती दोन महिने “तू ठरव रे, काहीही चालेल” म्हणत होती. ‘काहीही चालेल’ हे वाक्य मी फार जोडप्यांकडून ऐकलं आहे. ते उत्तर नसतं. पुन्हा विचार, पण माझा पाणउतारा न होता विचार, असं त्या माणसाला म्हणायचं असतं.

म्हणून जे कोणी आज या काळजीत आहेत त्यांना सांगते. सरप्राइज हवं असेल तर क्षणाचं ठेवा, वस्तूचं नको. केव्हा देणार, कुठे देणार, काय बोलणार, हे खुशाल लपवा. पण ती रोज काय काम करते, तिला पिवळा धातू आवडतो की पांढरा, खडा हवा की नको, हे आधी कळू द्या. किती खर्च करायचा हेही दोघांनी मिळून ठरवा, आणि ठरवताना आकड्याआधी भीती बोला. “कमी वाटेल याची मला भीती वाटते” हे एक वाक्य पुढची बरीच भांडणं वाचवतं.

भावनेइतकीच वस्तूचीही माहिती हवी, कारण अंगठी रोज घासली जाते. शुद्ध सोनं मऊ असतं. सोन्याचं कॅरेट हे हिऱ्यासारखं वजन नव्हे, शुद्धतेचं माप. २२ कॅरेटमध्ये ९१.६ टक्के सोनं, १८ कॅरेटमध्ये ७५ टक्के, आणि खडा बसवायचा असेल तर १८ कॅरेट तो जास्त पक्का धरतं. पांढऱ्या सोन्याला बहुतेक वेळा ऱ्होडियम या पांढऱ्या धातूचा मुलामा असतो. काही वर्षांनी तो उडतो आणि आतून पिवळसर झाक दिसते. याचा अर्थ फसवलं असा नाही, मुलामा पुन्हा देता येतो. कुणाच्या कातडीला निकेल सोसत नसेल तर पांढऱ्या सोन्याच्या मिश्रणात ते नाही ना, हे विचारून घ्यावं. कठीणपणाच्या मोजपट्टीवर हिरा १०, माणिक आणि नीलम ९. ओपल आणि मोती त्यांच्यापुढे फार नाजूक, रोजच्या वापरात ओरखडतात. पाचू ओपलहून कठीण असला तरी आघाताने चिरतो. प्रयोगशाळेत घडवलेला हिरा हाही कार्बनचाच स्फटिक, खरा हिराच. तो घ्यावा की खाणीतला, यावर माझं मत मागू नका, एकमेकांचं मागा. फक्त जे घेतलं ते उघड सांगून घ्या.

माप एकदाच घेऊन भागत नाही. उन्हाळ्यात आणि संध्याकाळी बोटं फुगतात, थंडीत आकसतात, आणि अंगठी पेराच्या गाठीवरून जायला हवी. दोरा ताणला जातो, कागदाची पट्टी बरी, सराफाकडची मापाची कडी सगळ्यात बरी. अंगठीची पट्टी रुंद असेल तर माप जरा मोठं घ्यावं. आणि सभोवार खडे असलेली अंगठी किंवा टंगस्टनचं वेढणं पुढे लहानमोठं करता येत नाही, हे माहीत असू द्या. अंगावर वजन चढतं, गरोदरपणात बोटं सुजतात. वाढवता-घटवता येणारी वस्तू घ्या, असं मी म्हणेन.

त्या दोघांनी १८ कॅरेटचं वेढणं घेतलं. मधोमध छोटासा नीलम, धातूच्या आत बुडवून बसवलेला, बोट फिरवलं तरी हाताला लागू नये असा. शेवटच्या भेटीला दोघं आले. तिने हात पुढे केला आणि दुसऱ्या हाताने पर्समधलं मलम शोधत राहिली.

लग्नानंतर चार महिन्यांनी त्याचा फोन आला. मला जरा काळजी वाटली, कारण कामाशिवाय फोन करणारा हा मुलगा नव्हे.

“मॅडम, चुकली!”

“काय चुकली?”

“अंगठी. रात्रपाळी संपवून आली तेव्हा माप घेतलं होतं, बोटं सुजलेली होती. आता थंडीत सैल होतेय. काल हात धुताना निसटून बेसिनमध्येच पडली.”

“मग?”

“जाळीत अडकली म्हणून मिळाली. शनिवारी तिला सुट्टी आहे, दोघं जाऊन घट्ट करून आणतो. तोवर तिने आत दोरा गुंडाळलाय.” मागून तिचा आवाज आला, दोरा कुठल्या रंगाचा ते सांग म्हणून. “निळा,” तो म्हणाला. “नीलमला शोभेल असा.”