सहावी-सातवीच्या वर्गात काय शिकणं चाललंय, हे पालकांपर्यंत नेमकं कसं पोचवावं?

तुमची अडचण थोडक्यात अशी दिसते: तुम्ही सातवीला गणित आणि विज्ञान शिकवता, दर शुक्रवारी पालकांच्या ग्रुपवर आठवड्याचा अहवाल टाकता, दोन-चार अंगठे सोडले तर कोणी काही बोलत नाही आणि चाचणीचे गुण हातात पडले की तेच पालक विचारतात, "आम्हाला आधी का नाही सांगितलंत?" मीही सहावी ते आठवीच्या वर्गांनाच शिकवत आलेय, त्यामुळे हे वाक्य माझ्या चांगलंच ओळखीचं आहे.

पालक वाचत नाहीत यात आळसाचा भाग थोडा आणि मजकुराचा जास्त, असं माझं मत आहे. "प्रकरण चौथे पूर्ण, सरावसंच झाले, वह्या पूर्ण करून घ्याव्यात" ही नोंद अभ्यासक्रम कुठवर आला ते सांगते. मुख्याध्यापकांना ती उपयोगी. पालकाला हवं असतं ते वेगळंच: माझ्या मुलीला हे जमतंय का आणि जमत नसेल तर मी काय करू?

या वयात हा प्रश्न जास्त टोचतो, त्याला कारण आहे. चौथीपर्यंत बहुतेक सगळं एकच शिक्षक शिकवतात आणि मूल घरी येऊन भडाभडा बोलतं. सहावीनंतर विषयागणिक शिक्षक बदलतो, पालकांचं स्वतःचं गणित गंजलेलं असतं आणि "आज काय शिकवलं?" याला उत्तर येतं, "काही नाही." म्हणजे वर्गातली बातमी घरी नेणारा जुना मार्ग नेमका याच सुमारास बंद होतो.

म्हणून संदेशात मी तीनच गोष्टी ठेवते: या आठवड्यात मुलाला काय करता यायला हवं, मुलं साधारण कुठे अडखळतात आणि घरी विचारायचा एक प्रश्न. नमुना देते:

"या आठवड्यात दशांश अपूर्णांकांची तुलना. शुक्रवारपर्यंत मुलांना ०.५ आणि ०.४५ यांतली मोठी संख्या कोणती, हे कारण देऊन सांगता यायला हवं. पुष्कळ मुलं ०.४५ म्हणतात, कारण ४५ हे ५ पेक्षा मोठे दिसतात. घरी एवढंच विचारा: ०.३ मोठे की ०.२७, आणि कशावरून? उत्तर चुकलं तर शिकवायला बसू नका, मला कळवा."

विज्ञानात असंच करता येतं. द्रावण शिकवत असाल तर घरचा प्रश्न असा: १०० ग्रॅम पाण्यात १० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवलं, तर आता एकूण वजन किती? "मीठ तर दिसेनासं झालं, मग १००च" असं म्हणणारी मुलं प्रत्येक वर्गात निघतात. ११० हे उत्तर पालकाला माहीत असो वा नसो, मूल विचार करतंय की पाठ केलेलं म्हणतंय, हे त्याला दोन मिनिटांत कळतं. हा संदेश सोमवारी पाठवा. शुक्रवारचा अहवाल म्हणजे होऊन गेलेल्या गोष्टीची बातमी. सोमवारी पाठवलात तर घरात विचारायला चार दिवस हातात राहतात.

"शिकवायला बसू नका" हे मी मुद्दाम लिहिते. नॅन्सी हिल आणि डायना टायसन यांनी २००९ साली नेमक्या या वयोगटातल्या पालक-सहभागाबद्दलचे ५० अभ्यास एकत्र तपासले. पालकांनी गृहपाठात मदत करण्याचा यशाशी असलेला संबंध तिथे उलटा निघाला. सगळ्यात ठळक सरळ संबंध दिसला तो शिकण्याचं मोल, अपेक्षा, पुढचे बेत यांबद्दल घरात होणाऱ्या बोलण्याशी. अर्थात मुळात अडलेल्या मुलालाच घरी जास्त मदत मिळते, हेही त्या उलट्या संबंधामागे असू शकतं. तरी संध्याकाळी अपूर्णांकांवरून घरात होणारी रडारड मी पुरेशी ऐकलेली आहे. पालकाने विचारावं, ऐकावं. शिकवणं आपलं काम.

हे झालं सगळ्या वर्गासाठी. एकेका मुलाबद्दल लिहिण्याचं तंत्र मात्र वेगळं. मॅथ्यू क्राफ्ट आणि टॉड रॉजर्स यांचा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला एक प्रयोग आहे. मुलं वयाने थोडी मोठी होती, राहिलेले विषय उन्हाळी वर्गात पुरे करणारी. शिक्षकांकडून त्यांच्या पालकांना आठवड्यातून फक्त एका वाक्याचा संदेश जाई. विषय पूर्ण न करू शकलेल्या मुलांचं प्रमाण १५.८ टक्क्यांवरून ९.३ टक्क्यांवर आलं, मुख्यतः मधेच सोडून जाणारी मुलं टिकली म्हणून. आणि "छान चाललंय" या धर्तीच्या संदेशांपेक्षा काय सुधारायचं ते सांगणाऱ्या संदेशांचा परिणाम जास्त दिसला. एक वाक्य! आपण मात्र प्रगतिपुस्तकाच्या शेऱ्यात "हुशार आहे, पण लक्ष देत नाही" लिहून मोकळे होतो. लक्ष देत नाही म्हणजे नक्की काय करत नाही? "समीकरण सोडवताना दुसऱ्या बाजूला नेलेल्या पदाचं चिन्ह बदलायचं विसरतो, या आठवड्यात प्रत्येक उत्तर मूळ समीकरणात घालून ताळा करायला सांगितलंय" असं लिहिलं, की त्या घरात बोलायला काहीतरी ठोस मिळतं. शिवाय पालकाचा अपमानही होत नाही. स्वभावावर बोट ठेवलं की घरात भांडण होतं आणि विषय तिथेच राहतो.

काही शाळांमध्ये ॲपमधून गैरहजेरी आणि अपूर्ण गृहपाठाचे संदेश आपोआप जातात. त्यांना कमी लेखू नका. पीटर बर्गमन आणि एरिक चॅन यांनी अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियामध्ये २२ शाळांत असे आठवडी संदेश पाठवून पाहिले. विषयात नापास होण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी घटलं, तासांची हजेरी १२ टक्क्यांनी वाढली. पण राज्याच्या परीक्षेतल्या गुणांवर काहीच फरक पडला नाही. मला हा शेवटचा भाग सगळ्यात बोलका वाटतो. गृहपाठ राहिला असं कळवलं की गृहपाठ येतो. समज वाढायला समजेबद्दलच बोलावं लागतं, आणि ते ॲपला जमत नाही.

आता मुलाबद्दल. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला वगळून त्याच्या आईवडिलांशी परस्पर बोललात, तर तुम्ही त्याच्या लेखी चुगलखोर. एकदा तसं ठरलं की वर्गात ते आपली अडचण तुम्हाला सांगणार नाही. माझा नियम साधा आहे: घरी जाणारा मजकूर आधी मुलाला ऐकवायचा. "मी आईला असं लिहितेय, बरोबर आहे ना?" एवढं विचारलं की अर्ध्या वेळा मूलच वाक्य दुरुस्त करतं आणि ते दुरुस्त वाक्य जास्त खरं असतं. अपवाद एकच, सुरक्षिततेचा. मुलाच्या जिवाला किंवा मनाला धोका आहे अशी शंका असेल तर हा नियम बाजूला ठेवून मुख्याध्यापकांना आणि शाळेच्या समुपदेशकांना गाठायचं. घरी काय आणि कोणाला सांगायचं, ते त्यांच्याशी बोलून ठरवायचं.

याहून पुढची पायरी म्हणजे बातमी मुलानेच न्यायची. आठवड्याच्या शेवटच्या तासाला दहा मिनिटं द्या. मुलं वहीत लिहितील: मला काय जमलं, कुठे अडतंय. खाली घरच्यांसाठी एक ओळ मोकळी. सही मागू नका, सही न वाचताही होते, "मुलाने तुम्हाला काय समजावून सांगितलं?" असं विचारा. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या जॉइस एपस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच तत्त्वावर गृहपाठाची एक पद्धत बसवली आहे: मूल घरातल्या कोणाला तरी आपलं काम करून दाखवतं आणि ते कसं वाटलं हे पालक शाळेला लिहून कळवतात. सुरुवातीचे काही आठवडे मुलं "सगळं जमलं" असंच लिहितात. लिहू द्या. तुम्ही अडचणी वाचून त्यावर खरोखर काही करता हे दिसलं, की भाषा बदलते.

गुणांविषयी एक सूचना. पेपर तपासून झाला की शेरा आधी पाठवा, गुण दोन दिवसांनी. रूथ बटलर यांच्या १९८८च्या प्रयोगात काही मुलांना फक्त शेरे दिले, काहींना फक्त गुण, काहींना दोन्ही. पुढचं काम सुधारलं ते फक्त शेरे मिळालेल्यांचं; सोबत गुण आले की शेऱ्याचा फायदा पुसला गेला. प्रयोग मुलांवरचा होता, पण आकडा दिसल्यावर पुढचं वाचणारे पालक मला तरी क्वचितच भेटले.

पालकसभेतही मुलाला सोबत बसवा आणि बोलू द्या. स्वतःची दोन कामं, एक जमलेलं आणि एक फसलेलं, ते आईवडिलांना दाखवेल, तुम्ही फक्त भर घालायची. दहा मिनिटं पुरतात. सभेला न येणाऱ्यांना बेफिकीर समजू नका; कामाच्या वेळा, धाकटं मूल, शाळेची भीती, कारणं पुष्कळ असतात. त्यांना फोन करा. वाचायची सवय नसलेल्यांना लिहिण्याऐवजी आवाज रेकॉर्ड करून पाठवा, तो ते दोनदा ऐकतात. आईवडील वेगळे राहत असतील तर दोघांनाही तोच मजकूर पाठवा, निरोप पोचवायचं ओझं मुलावर नको.

व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल फार सांगत नाही. फक्त ॲडमिनलाच संदेश टाकता येईल अशी सोय चालू करा, म्हणजे तुमचा मजकूर शुभेच्छांखाली गाडला जाणार नाही. कोणाही एका मुलाचं नाव, गुण किंवा तक्रार तिथे नको. फोटो परवानगीशिवाय नको. सगळ्या विषयांचं मिळून वर्गशिक्षकाने एकच पत्रक पाठवावं असं सहकाऱ्यांशी ठरवून घ्या, नाहीतर एका घरात आठवड्याला सहा-सात संदेश पडतील आणि एकही उघडला जाणार नाही. उत्तर देण्याची वेळही पहिल्याच संदेशात सांगून टाका. रात्री अकराला आलेल्या प्रश्नाला लगेच उत्तर दिलंत, की ती वेळ रूढ झालीच म्हणून समजा.

हे सगळं निभावणार कसं, असं तुमच्या मनात येत असेलच. ४० मुलांचा वर्ग असेल आणि रोज दोघांच्याच घरी दोन ओळी गेल्या, तर शाळेच्या २० दिवसांत सगळी मुलं होतात. पहिल्या फेरीत काहीतरी खरं चांगलं कळवा, म्हणजे पुढे शाळेचा नंबर दिसला की पालकांच्या पोटात गोळा येणार नाही. फक्त हजेरीपटाच्या क्रमाने जाऊ नका. दंगा करणाऱ्यांच्या आणि पहिल्या येणाऱ्यांच्या घरी शाळेतून काही ना काही जातच असतं. सुरुवात मधल्या, गप्प बसणाऱ्या मुलांपासून करा.